वजीर पोरांच्या खिशात

बाशी-योतामूच्या पटावर पांढरा वजीर मी क्वचितच पाहिला. तो कुणा ना कुणा पोराच्या खिशात असायचा. एका पोरीच्या झग्याला खिसाच नव्हता, तर तिने तो आईच्या चितेंगेच्या, कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, टोकाला गाठ मारून बाजारात नेला आणि सुक्या मासळीच्या ढिगावर उभा करून ठेवला. गिऱ्हाइकं विचारायची, "हा कोण गं?" ती म्हणायची, "शिकुलूंचा वजीर. धरून आणलाय. तीनदा जिंकल्याशिवाय सोडणार नाही."

शिकुलू म्हणजे आजा. वस्तीतली झाडून सगळी पोरं त्याला शिकुलू म्हणत. आम्ही मोठी माणसं बाशी-योतामू म्हणायचो, म्हणजे योतामूचा बाप. त्याचं आडनाव सोको, पण ते खाणीच्या हजेरीपुरतं. आमच्यात पोर झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं, पोराचं नाव लागतं. मग ते पोर जवळ असो नसो, बोलत असो नसो. योतामू वीस वर्षांचा असताना लुसाकाला निघून गेला तो पुन्हा वस्तीत आला नाही. पण बापाला पाण्यासाठी हाक मारायची तरी त्याचंच नाव घ्यावं लागे. म्हातारा "ओ" द्यायचा. द्यायच्या आधी जरा थांबायचा, एवढंच.

तो पूर्वेकडच्या न्गोनी जमातीचा, आम्ही बेंबा. आमचे आजे-पणजे एकमेकांशी लढले. त्या लढाईत कोण जिंकलं यावर अजून एकमत नाही, म्हणून शहाण्या माणसांनी दोन्हीकडे थट्टेचं नातं लावून दिलं. न्गोनीने बेंबाला काहीही बोलावं, बेंबाने न्गोनीला काहीही बोलावं, राग धरायचा नाही. आम्ही त्यांना उंदीरखाऊ म्हणतो, ते आम्हाला माकडखाऊ. मयताच्या दारीसुद्धा हे नातं सुटत नाही. उलट तिथंच त्याचा खरा मान. न्गोनी मेला की बेंबांनी जायचं, मेलेल्याची टिंगल करायची, खड्ड्यापाशी वाट अडवायची आणि काहीतरी घेतल्याशिवाय पेटी खाली जाऊ द्यायची नाही. रडून रडून ज्यांचा ऊर फुटायला आलाय त्यांना तेवढाच श्वास मिळतो.

आणि असंच दुसरं नातं आजा-नातवंडांचं. आज्याने नातवाला चिडवावं, नातवाने आज्याच्या टकलावर हात फिरवावा. बाप-लेकात मात्र हे चालत नाही. बापाने लेकाशी बेतानं बोलायचं, लेकाने बापासमोर नजर खाली ठेवायची. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण बाशी-योतामूच्या आयुष्याची गाठ इथंच बसली होती.

खाण चालू होती तेव्हा तो जमिनीखाली छताला लाकडी टेकू द्यायचं काम करी. वर आला की खाणकामगारांच्या क्लबात न्कोले नावाच्या त्याच्या दोस्ताबरोबर बुद्धिबळ मांडून बसे. न्कोले बेंबा. त्यांचा डाव ऐकायला माणसं जमत. बघायला नव्हे, ऐकायला. "ये उंदरा, ये, पिंजरा उघडा ठेवलाय!" "तुझा घोडा न्हवं ते, तुझ्या सासूनं शिजवलेलं माकाड हाय!" असा कालवा. मग न्कोले वारला. मग खाण बंद पडली, क्लबाला कुलूप लागलं, आणि बाशी-योतामू तो पट बगलेत मारून घरी घेऊन आला. अंगणात आंब्याखाली एक उलटी बादली आणि दोन विटा, एवढ्यावर त्याचा नवा क्लब सुरू झाला. मोठं कुणी येईना. पोटाच्या मागे लागलेल्या माणसांना खेळ कुठला सुचायला? पोरं आली.

नवं पोर समोर बसलं की म्हातारा आपला वजीर उचलून त्याच्या हातात द्यायचा. "हा घे. घरी ने. ह्याच्याबिगर मी तुझ्याशी लढणार. मला तीनदा हरीव, मग आनून दे. त्या दिसापास्नं आपन बरोबरीचे." वजीर एका वेळी एकाच पोराकडे असे, पण त्यामुळे बाकीच्यांशीही त्याला वजिराविनाच खेळावं लागे. ती टारगटं त्याचा फायदा घेत. तो घेऊ देई.

आणखी एक नियम होता दातांचा. पोराचे जितके दुधाचे दात पडलेले, तितक्या चाली त्याला मागे घेता येत. सहा-सात वर्षांची पोरं आ करून बसायची आणि म्हातारा बोट घालून मोजायचा. एकदा एका पोराने विचारलं, "शिकुलू, तुमचे तर सगळेच पडलेत. मग तुम्ही किती चाली मागे घेणार?"

"एक बी न्हाई," म्हातारा म्हणाला. "तुझे परत येनार हायत म्हनून तुला चाल बी परत. माझे गेले ते गेले."

तिसरा नियम पट फिरवायचा. पोराला वाटलं आपण पार बुडालो, तर डावात एकदा त्याने "फिरवा!" म्हणायचं. की पट गर्रकन अर्धा फिरे, म्हाताऱ्याची जिंकती बाजू पोराकडे आणि पोराची चेंदामेंदा झालेली फौज म्हाताऱ्याकडे. मग तो त्या मोडक्या फौजेतून काय काय वाटा काढायचा! पोरं तोंडात बोट घालून बघायची. आपण मेलेलं समजून सोडून दिलं त्यात एवढा जीव होता होय?

एकच गोष्ट तो करत नसे. मुद्दाम हरत नसे. एखाद्या पोराची आई कुंपणावरून ओरडायची, "अहो बाशी-योतामू, जिंकू द्या की एखाद् वेळी, रडतंय ते!"

"रडू दे," तो म्हणायचा. "उष्टं जेवन आन् सोडलेला डाव, पोराला देऊ नये. वजीर दिलाय की त्याला! आनखी काय जीव काढून देऊ?"

लुबुतो माझ्या बहिणीची लेक. आमच्यात भाचीवर मामाचा हक्क बापाहून काकणभर जास्तच, आणि तिचा बाप तर दूरच्या खाणीवर, त्यामुळे आईबरोबर ती माझ्याच घरी वाढत होती. सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा आंब्याखाली गेली तेव्हा मी बरोबर होतो.

म्हाताऱ्याने तिला वरून खालून बघितलं. "माकाड आनलंस व्हय रं? शिजवून आनायचं हुतंस."

मला वाटलं पोर आता रडणार. पोर म्हणाली, "तुमच्या दारात उंदीर दिसला नाही एकपण. सगळे खाल्ले वाटतं?"

म्हातारा इतका हसला की खोकल्याने त्याला विटेवरून उठवलं. मग त्याने वजीर काढला, कुडत्याला पुसला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. मूळचा वजीर कधीच हरवला होता. हा त्याने तांबड्या लाकडाचा स्वतः कोरला होता, पोरांच्या खिशात राहून राहून गुळगुळीत झालेला. आठ वर्षांची होईस्तोवर ती रोज हरली. नऊ वर्षांची झाली तेव्हा हरताना म्हाताऱ्याला घाम फोडू लागली.

योतामूची गोष्ट त्याने मला त्याच सुमारास सांगितली. मी त्याच्या छपराचा पत्रा ठोकून देत होतो, तो खाली शिडी धरून उभा होता. वर बघून बोलावं लागत होतं म्हणूनच बोलला असेल.

"माझं योतामू बी असंच हुतं," तो म्हणाला. "तिच्याएवढंच. रोज संध्याकाळी माझ्याशी बसायचं. मी पुऱ्या फौजेनं खेळायचो त्याच्याशी. वजीर, दोन्ही हत्ती, समदं. मला वाटायचं, असाच घट्ट हुतो पोरगा. रोज हरवायचो. आन् बाप असून बोलायचो त्याला. न्कोलेला बोलायचो तसंच. प्याद्याची अवलाद. आंधळं उंदीर. माझी जीभ क्लबात वळलेली, घरी आल्यावर सरळ कुठली हुतीय?"

"मग?"

"मग काय. त्याला उलटून बोलता येईना. बाप हाय मी. मान खाली घालून ऐकायचा. एकदा क्लबात, समद्यांम्होरं हरला. मी म्हनलं, 'ह्याला जन्माला घालन्यापरीस मी एक घोडा जास्तीचा मागून घ्यायला हवा हुता.' लोक हसले. न्कोले हसला न्हाई. म्हनला, 'गड्या, ही थट्टा माझ्यासाठी ठेवायची हुतीस.' पोरानं पट बंद केला, सोंगट्या नीट डब्यात भरल्या, डबा माझ्या हातात दिला. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर सोंगटीला हात लावला न्हाई त्यानं. आन् मोठा झाल्यावर मला."

मी खिळा ठोकत राहिलो.

म्हणून हा वजिराचा नियम. पण त्यातही दैवाने गंमत केली होती. खाण बंद झालेली, घरं रोज रिकामी होत होती. एखादं पोर तीन डाव जिंकून, नाक वर करून वजीर आणून द्यायचं, आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या बापाचं सामान टेंपोवर चढायचं. कुणी शाळेला लुसाकाला, कुणी मावशीकडे, कुणी आजीच्या गावी. बरोबरीचा पहिला डाव मांडायच्या आधीच समोरची वीट रिकामी. न्कोले गेल्यापासून म्हातारा भरल्या फौजेने एकदाही खेळला नव्हता. "एक डाव," तो म्हणायचा. "वजिरासकट. समोर बरोबरीचं मानूस. हरलो तरी चालंल. न्कोलेला जाऊन सांगायला काहीतरी हवं की."

त्याची सगळी आशा लुबुतोवर होती. आम्ही कुठे जाणार नव्हतो. आम्हाला जायला जागाच नव्हती. दहाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, ती पहिला डाव जिंकली. पावसाळ्याच्या तोंडाला दुसरा. वस्तीत बातमी झाली. म्हातारा पट पुसून ठेवू लागला. पण तोवर खाणीची धूळ त्याच्या छातीत पुरती बसली होती. चार पावलं टाकली की झाडाला धरून उभा राहायचा. दवाखान्यातल्या नर्सने माझ्या बहिणीला सांगितलं आणि बहिणीने नळाच्या रांगेत कुणाला तरी: म्हाताऱ्याची छाती आता दगड झालीय, पुढचे आंबे काही तो बघत नाही. बादली धरून लुबुतो मागेच उभी होती.

त्यानंतर ती हरू लागली.

आधी मला काही कळलं नाही. मला घोडा कसा चालतो यापलीकडे त्या खेळातलं फारसं समजत नाही. पण म्हातारा एक दिवस आमच्या दाराशी आला. एवढं अंतर चालून तो कितीतरी दिवसांत आला नव्हता. दारात टेकून श्वास घेतला, मग म्हणाला, "लुबुतोला धाड. पट मांडलाय तसाच हाय."

मीही गेलो. आंब्याखाली आदल्या दिवशीचा डाव तसाच होता, वर टोपली झाकलेली. म्हाताऱ्याने टोपली काढली.

"काल तुझी चाल हुती हितं. तू प्यादं सारलंस. कशापायी?"

"चुकलं," लुबुतो म्हणाली.

"चुकलं? बरं. मी म्हनतो, फिरवा." आणि त्याने पट आपल्या हाताने फिरवला, तिची फौज स्वतःकडे घेतली. सारलेलं प्यादं मागे ठेवलं, काळा हत्ती उचलला, शेवटच्या रांगेत ठेवला. "मात. आंधळ्याला दिसंल. तुला दिसलं न्हाई?"

"नाही दिसलं."

"शपथ?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "आईची शपथ."

म्हाताऱ्याने हत्ती उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाला, "लबाड माकाड."

एरवी या शब्दावर ती उसळून काहीतरी बोलली असती. त्या दिवशी तिने खिशावर हात दाबून धरला. "मी वजीर दिला की तुम्ही जाणार," ती म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी दिला ते सगळे गेले. मी नाही देणार. वजीर माझ्याकडे आहे तोवर तुम्हाला थांबावं लागेल."

"ते गेले, मी न्हाई गेलो. मी हितंच हाय की गं."

"आता तुमची पाळी आहे. नळावर सगळे म्हणतात."

म्हाताऱ्याने हात पुढे केला, तिचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवलं. रागावला होता, पण हात हलका होता. "ऐक. मी उभ्या जन्मात कुना पोराशी खोटं हरलो न्हाई. आन् तू माझ्यावर दया करतीस? मी काय दुधाच्या दाताचा हाय? मला मरायच्या आधी एक डाव पायजे पोरी, खराखुरा. तो तूच देऊ शकतीस. खोटं हरून मला आनखी चार दिस जगवशील, पन ते चार दिस मी करू काय?"

ती रडली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "मांडा."

तो तिसरा डाव मी शेवटपर्यंत पाहिला. टोमणे नाहीत, उंदीर नाही, माकड नाही. म्हाताऱ्याचं प्यादी ढकलणारं बोट मधूनच थांबायचं आणि तो डोळे मिटून श्वास जमवायचा. उन्हं कलली तेव्हा त्याने आपला हत्ती पटाच्या मधोमध आणून ठेवला. लुबुतोचा उंट तिरक्या वाटेवर टपूनच होता. तिने हत्तीकडे बघितलं. म्हाताऱ्याकडे बघितलं. पुन्हा हत्तीकडे. मग तो मारला. पुढे फार वेळ लागला नाही.

"मात," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

"मात," म्हातारा म्हणाला, आणि त्याचं तोंड उजळलं. मी त्याला असं हसताना फार वर्षांनी बघत होतो. त्याने तळहात पुढे केला. "आन वजीर."

पोरीने खिशात हात घातला, पण तो बाहेर काढला नाही. "हत्ती मुद्दाम सोडलात."

"न्हाई गं."

"मुद्दाम. तुम्ही असा हत्ती कधीच सोडत नाही. लहान पोरंपण सोडत नाहीत."

"दिसला न्हाई तो उंट मला. डोळ्याम्होरं अंधारी आली हुती. माझ्या आईची शपथ."

"मी पण आईचीच घेतली होती," लुबुतो म्हणाली.

जो एकदा खोटं हरला त्याला समोरच्याचं खरं हरणंही खरं वाटत नाही. म्हाताऱ्याचा तळहात तसाच उघडा राहिला. मग त्याने तो मिटला आणि मांडीवर ठेवला. "बरोबर हाय," तो हळूच म्हणाला. "मीच शिकवलंय. पटत न्हाई तोवर द्यायचा न्हाई. उद्या परत खेळू."

दुसऱ्या दिवशी त्याला उठून बसता आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. माझी बहीण त्याला मक्याच्या पिठाचा नशिमा नेऊन देई, तो दोन बोटं चाटून ताटली सरकवी. लुबुतो शाळेतून आली की त्याच्या चटईशी जाऊन बसे. एकदा ती स्वतःहून म्हणाली, "शिकुलू, घ्या वजीर. खरंच जिंकले मी. मला पटलं."

तो नुसता हसला. "पटलं न्हाई तुला. मी मरतोय म्हनून देतीस. दान नको गं. मी खोटं बोललो न्हवतो, पन ते तुला कळायला आनखी एक डाव लागंल. तोवर तुझ्याच खिशात."

"मग उठा ना!"

"उठतो की. जरा दम घेऊ दे, माकडा."

तो उठला नाही.

निरोप गेला तसा योतामू आला. चाळिशी उलटलेला, काळा कोट, चकचकीत बूट. वस्तीतल्या लाल मातीने ते दारापर्यंतच रंगवले. तो रडला नाही. पेटीपाशी उभा राहिला आणि खाली बघत राहिला, बापासमोर लेकाने बघावं तसं.

स्मशानात आमच्या बेंबांनी आपलं काम केलं. बाना-चोला नावाची आमची एक थोराड शेजारीण आहे. तिने म्हाताऱ्याची खाणीतली टोपी डोक्यावर चढवली आणि खड्ड्याच्या तोंडाशी आडवी पडली. "नाही जाऊ देणार उंदीरखाऊला! माझ्या भुईमुगाच्या शेतातले उंदीर आता कोण खाणार? आधी एक मांजर द्या मला!" बायका रडता रडता खिदळल्या. मग कुणी खोकल्याची नक्कल केली, कुणी दात मोजायची. योतामूला हे सगळं विसरायला झालं असावं. त्याने पाकीट काढलं, नोटा काढल्या, ज्याने त्याने हात पुढे केला त्याला दिल्या. वाट मोकळी झाली.

एकटी लुबुतो उभी राहिली. खड्ड्याच्या कडेला, शाळेच्या झग्यात.

"बोल गं," बाना-चोलाने तिला कोपराने ढोसलं. "तू तर त्याची लाडकी बेंबीण. बोल काहीतरी."

लुबुतोने पेटीकडे बघितलं. "उंदीरखाऊ," ती म्हणाली. पुढचं येईना. मग पुन्हा सुरुवात केली. "उंदीरखाऊ शिकुलू. डाव टाकून पळालात. हरायला भ्यालात. न्कोलेंना काय सांगणार आता?"

कुणी हसलं नाही. थट्टा तर रीतीला धरून होती. तरीही कुणाला हसता आलं नाही.

योतामू पुढे आला. नोट पुढे करून म्हणाला, "बाळ, वाट सोड."

"पैसे नकोत." तिने मान वर केली. "तुम्हाला बुद्धिबळ येतं ना?"

त्याचा हात तसाच राहिला. "नाही येत."

"येतं. शिकुलू सांगायचे. तुम्ही त्यांच्याशी खेळायचात. रोज हरायचात."

बायकांमधून "अगं ए!" असा आवाज आला. पण ती बेंबा आणि तो न्गोनी. तिला तो हक्क होता. योतामूने तिच्याकडे नीट बघितलं, जणू आल्यापासून पहिल्यांदाच त्याला कुणी माणूस दिसत होतं. तोंडाशी काहीतरी आलं, अडकलं, आणि मग जुन्या पेटीतला तळाचा कपडा ओढून काढावा तसा तो शब्द त्याने काढला.

"माकडखाऊ," तो म्हणाला.

बाना-चोला टोपीखालून म्हणाली, "बोलला! बापाचा लेक शेवटी!" आणि आपलंच तोंड चितेंगेत लपवून हुंदके देऊ लागली.

लुबुतोने खिशातून वजीर काढला. "हा त्यांचा. तीन डाव जिंकून परत द्यायचा होता. दोन जिंकले. तिसरा खरा की खोटा ते मला कळलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत. म्हणून हा माझ्याकडे ठेवता येत नाही." तिने तो त्याच्या पुढे केला. "तुम्ही ठेवा. मी तुमच्याशी वजिराशिवाय खेळीन. तुम्ही कच्चे आहात. मला तीनदा हरवलंत की आणून द्या."

योतामूने नोट खिशात घातली आणि वजीर घेतला. अंगठ्याने त्याचं गुळगुळीत डोकं चोळलं. मोठा बाप्या माणूस, लाल मातीत गुडघ्यांवर बसला आणि तसाच बसून राहिला. लुबुतो बाजूला झाली. पेटी खाली गेली.

संध्याकाळच्या गाडीने तो निघाला. बसथांब्यापर्यंत मी सोबत गेलो. वाटेत मी विचारलं, "तुला आता काय म्हणून हाक मारायची? पोरं आहेत?"

"एक मुलगा. बाशी-तेंबा म्हणतात मला. नऊ वर्षांचा आहे."

"त्याला खेळता येतं?"

"शिकवलं नाही," तो म्हणाला. "एक तर मी त्याला रोज रडवलं असतं, नाही तर खोटं खोटं हरलो असतो. तिसरं काही असतं हे कुठं ठाऊक होतं मला?"

बस आली. त्याने मला डावा हात दिला. आमच्यात डावा हात कुणी देत नाही. पण मी तो हातात घेतला. त्याचा उजवा कोटाच्या खिशात होता, आणि बस वळणाआड जाईपर्यंत मी तिच्या खिडकीकडे बघत होतो, तो त्याने बाहेर काढला नाही.

पट आमच्या घरी आहे. लुबुतो शाळेतून आली की सोंगट्या मांडते. दोन्ही बाजू मांडते, पांढऱ्या राजाशेजारचं एक घर सोडून.